सात नंबरचा वाण

हरभरा महिनाभर उशिरा पेरला की उत्पादन निम्म्यावर येतं, हे तिच्या पीएचडीच्या प्रयोगात सलग तिसऱ्या वर्षी दिसत होतं. पेरणीनंतर पाणी द्यायचं नाही, अशी प्रयोगाची अटच होती, त्यामुळे उशिरा पेरलेले सगळे वाण अर्धेअधिक वाळून गेले होते. फक्त सात नंबरच्या वाणाचे तिन्ही वाफे घाट्यांनी लगडले होते. प्रबंधाची मुदत एकदा वाढवून झाली होती, ती पुन्हा मिळणार नव्हती. आता सगळी भिस्त या तीन वाफ्यांवर होती.

"मावशी, या वाणाने जीव वाचवला माझा," शेतावर रोज कामाला येणाऱ्या मावशींना काढणीच्या दिवशी ती म्हणाली.

"वाचवेल नाहीतर काय करेल? रोज घरी जाताना बादली बादली पाणी घालत होते मी त्याला."

तिचं पेन वहीवरच थांबलं.

"पण यालाच का, मावशी?"

"घाटे मोजायला इथे बसलीस की तूच म्हणायचीस ना, बाबा रे, तू तरी जग." मावशींनी पुढच्या झाडाला विळा लावला. "बाकीच्यांसाठी तू कधी काही मागितलंच नाहीस."