छपराचा मान

फुटकी कौलं. देवळातली पालखी. तालुक्याहून आलेलं पत्र. मानापानावरून भांडणाऱ्या पाच वाड्या.

मुख्याध्यापिका तिरोडकरबाईंच्या डोक्यात हे सगळं गावच्या सभेभर फिरत होतं. पत्राप्रमाणे पावसाआधी छप्पर दुरुस्त झालं नाही तर शाळा बंद होणार होती आणि मुलांना डोंगर उतरून पलीकडच्या गावी जावं लागणार होतं. दरवर्षी बाई हात जोडत आणि दरवर्षी प्रत्येक वाडी दुसरीकडे बोट दाखवी.

यंदा त्यांनी हात जोडले नाहीत. पुढच्या दहा वर्षांचा कोरा तक्ता भिंतीवर लावला आणि म्हणाल्या, "पालखीचा मान असतो, तसा आजपासून छपराचाही. एका वर्षी एकाच वाडीचा. कौलं त्यांनी चाळायची, फुटकी बदलायची, खर्च त्यांचा आणि पाटीवर नावही त्यांचंच. दुसऱ्या वाडीने शिडीलाही हात लावायचा नाही."

वरच्या वाडीचे गावकर उठले.

"पयलो मान आमचो. पालखीक पयलो खांदो आमचोच आसता."

"मगे आमी काय निसते ढोल बडवूचे?" खालच्या वाडीचे मेस्त्री उसळले. "वासे बदलूचे आसत. ता काम आमच्याशिवाय कोणाक जमता?"

तासभर भांडण झालं आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून दहाही वर्षं वाटली गेली. बाई खुर्चीत मागे टेकून बसल्या. समोरचा गार झालेला चहाही त्यांना गोड लागला.

दहाव्या वर्षी कौलं चाळली गेली, तेव्हा बाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती.