फरहतखालाचं कोपर

फरहतखालाने वाटीत ब्लीचचं क्रीम पिळलं, त्यावर अंदाजानेच पावडर ओतली आणि झुनैराची हनुवटी वर उचलली. "ओठ मीट. परवा निकाह आहे, ही मिशी घेऊन बसणार आहेस का?"

लग्नाआधीच्या हळदी-उटण्याच्या विधीला, मायूंला, पिवळ्या कपड्यांत बसलेली झुनैरा मागे सरकली. रोज उटणं घासून घासून तिचा चेहरा आधीच हुळहुळा झाला होता. शेजारी थोरली बहीण सदफ होती, नेहमीसारखी ओढणीचं टोक ओठांवर धरून. तिच्या लग्नातही ब्लीच खालानेच लावलं होतं. ती रडायला लागली तेव्हा खाला म्हणाली होती, "जळतंय म्हणजे लागू पडतंय." लग्नाच्या एकाही फोटोत सदफचं तोंड दिसत नाही. भाजल्याचे डाग केव्हाच गेले, ओढणी तिथेच राहिली.

"खाला, खोक्यावर लिहिलंय, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. आणि घासलेल्या कातडीला लावू नका," झुनैरा म्हणाली.

"आता खोकं शिकवणार मला? घरातल्या सगळ्या नवऱ्या या हातांनी उजळल्यात."

"मग याच हाताला लावू."

जमलेल्या बायका वळून बघू लागल्या. खालाला माघार माहीत नव्हती. तिने बाही वर सारली. झुनैराने आधी तिथे उटणं घासलं, स्वतःला घासतात तसंच, अजिबात दयामाया न दाखवता. मग वाटीतलं ब्लीच थापलं.

खाला नवऱ्यामुलाच्या आत्याची उणीदुणी काढू लागली. हळूहळू तिची वाक्यं तुटू लागली. दुसरा हात कोपराकडे गेला.

"माशी बसली," ती म्हणाली.

खालाच्या कपाळावर घाम आला.

"पाणी आणा गं कुणीतरी. आग होतेय."

सदफ लोटा भरून आली. खालासमोर उभी राहिली, पण पाणी ओतेना.

"जळतंय म्हणजे लागू पडतंय, खाला."

आधी खालाच फिस्कन हसली, मग सगळी खोली. सदफने पाणी ओतलं. लालभडक कोपर पुढे धरून खाला म्हणाली, "वाच बाई, काय लिहिलंय ते."

खोक्याच्या तळाशी मापाचा इवलासा चमचा होता, अजून वेष्टनातच. "आज उटणं बंद," झुनैरा खोकं हातात घेत म्हणाली. "आज फक्त माझं कोपर. चेहऱ्याचं उद्या बघू."

मग तिने सदफकडे पाहिलं आणि वाचायचं विसरली. सदफचे दोन्ही हात लोट्याला होते. ओढणी खांद्यावर घसरली होती, आणि ती तोंड भरून हसत होती.