ओटीपी कोणी दिला?

"मिळालं म्हणजे कुणाला मिळालं?" कंडक्टरबाई फोनवर कडाडल्या. "मी होते ड्युटीवर. फोन माझा घरी चार्जिंगला. मग पार्सल काय भिंतीला दिलंत?"

पलीकडची मुलगी गोड आवाजात तेच परत म्हणाली. ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल कुणाच्या हातात देत नाहीत, मॅडम. ओटीपी दिला गेलाय. आमच्याकडे 'मिळालं' असं दाखवतंय.

"दाखवू दे! माझ्याकडे काही दाखवत नाहीये."

"पार्सलमध्ये काय होतं, मॅडम?"

कंडक्टरबाईंनी मान वळवली. सासूबाई टेबलापाशी भाजी निवडत होत्या. नवरा वर्तमानपत्रामागे होता. खिडकी सताड उघडी होती. कालपर्यंत त्यांनी आवाज खाली आणला असता.

"पोहायचा ड्रेस!" शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "निळा. बिनबाह्यांचा. लिहून घ्या नीट!"

चौकशी करून कळवतो, असं सांगून मुलीने फोन ठेवला.

आयुष्यभर बसमध्ये उभं राहून बाईंचे गुडघे कामातून गेले होते. डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा, नाहीतर ऑपरेशनला या. तलावावर बायकांची बॅच सोमवारपासून सुरू होणार होती. बाईंना कशीबशी जागा मिळाली होती. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी आधीच बजावलं होतं, ड्रेस नाही तर पाण्यात पाय नाही, आणि पहिल्या दिवशी जी येणार नाही तिची जागा दुसरीला. पण खरं सांगायचं तर गोष्ट नुसत्या गुडघ्यांची नव्हतीच. सगळा जन्म लोकांचे धक्के खाण्यात गेला होता. जिथे कुणाचा कोपर लागणार नाही अशा ठिकाणी एकदा तरी आडवं पडायचं होतं त्यांना. पाण्यावर. हातपाय पसरून.

घरात हे बोलल्या मात्र, सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं होतं. "या वयात उघडे हातपाय घेऊन लोकांसमोर जाणार? आमच्यात असलं कुणी केलं नाही."

"आई म्हणतेय तर..." नवरा म्हणाला. वाक्य अर्धवट सोडणं हा त्याचा जुनाच धंदा.

भरलेली बस एका ओरडण्यात गप्प करणारी ही बाई घरात मात्र लग्न झाल्यापासून मूग गिळून बसलेली. या खेपेला नाही बसली. दोघांच्या नाकावर टिच्चून तिने ड्रेस मागवला. आणि नेमका तोच गायब!

"आई, तुम्ही दिवसभर घरात होतात. कुणी आलं होतं का?"

"मला काय कळतंय तुमच्या त्या फोनमधलं?" सासूबाईंनी मान वर केली नाही. "मी बघतसुद्धा नाही त्याच्याकडे."

"गेलं ना? बरंच झालं मग," नवरा पुटपुटला. आज नेमकं वाक्य पुरं केलं!

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायात चपला अडकवून त्या खाली उतरल्या आणि पार्सलवाल्याची वाट बघत फाटकाशी उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या फेरीलाही तो रोज याच गल्लीत यायचा. आला तशा त्या त्याच्या स्कूटरला आडव्या आल्या. मिशीवाला, आडदांड माणूस, पण गांगरला.

"चोरीचा आळ घेऊ नका हो बाई! तुमच्या आजींनीच दिला ओटीपी. चष्मा लावून, एकेक आकडा वाचून. वर मला दम दिला, घरात कुणाला बोललास तर बघ म्हणून."

म्हणजे घरातच दरोडा! काय केलं असेल म्हातारीने त्याचं? कात्रीने चिंध्या करून फडकी केली असतील. नाहीतर सरळ कचऱ्यात. बाई जिना चढू लागल्या. गुडघे दुखत होते, दुखू देत. प्रत्येक पायरीवर त्या एकेक वाक्य तयार करत होत्या. आजवर ऐकलं, यापुढे ऐकणार नाही. मी पोहणार. घर सोडावं लागलं तरी चालेल, पण पोहणार.

टेबलावर भाजी तशीच पडली होती. बाथरूमचं दार आतून बंद. नळ जोरात वाहत होता.

"आई अंघोळीला गेलीय," नवरा म्हणाला. "सकाळी झाली होती खरं म्हणजे, पण..."

बाईंनी दारावर मूठ आपटली. "आई! बाहेर या! माझा ड्रेस कुठाय? आज सोक्षमोक्ष लागल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

 कडी वाजली आणि दार उघडलं.

सासूबाई नखशिखांत ओल्या उभ्या होत्या. निळ्या ड्रेसमध्ये. दंड उघडे, सुरकुतलेले गुडघे उघडे, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि मान ताठ. नवऱ्याने घाईघाईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"बघतेस काय अशी?" सासूबाई म्हणाल्या. "लग्नाआधी नदी आडवी पोहून जायचे मी. पोरं मागे राहायची. या घरात आले आणि सगळं बंद झालं."

जिन्यात तयार केलेलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. 

सासूबाईंनी हात मागे नेऊन नळ बंद केला.

"दुसरा मागव," त्या म्हणाल्या. "हा मला बसलाय."