नारळाच्या आधी

पनवेलच्या त्या हॉस्पिटलातून नवजात बाळांना ऊब देणारा जुना वॉर्मर युगांडाला दान म्हणून जायचा होता. हळदकुंकू लावून झालं, झेंडूचा हार चढला, नारळ भावना सिस्टरच्या हातात आला. फोटोग्राफर सरसावला.

"आधी चालू करून दाखवा," युगांडाहून वॉर्मर न्यायला आलेल्या सिस्टर नाकातो म्हणाल्या.

"आमच्याकडे आधी नारळ फुटतो, मॅडम," हॉस्पिटलचे मालक डॉक्टर हरेश हसत म्हणाले. "भावना, वाढव गं."

भावनाच्याच वॉर्डातून तो वॉर्मर अडगळीत गेला होता. तिनं नारळ खाली ठेवला आणि सरळ प्लग खोचला.

लाल दिवा लागला तशा टाळ्या पडल्या. नाकातोंनी दिव्याखाली तळहात धरला, तो धरूनच ठेवला. टाळ्या विरल्या तरी हात तिथेच होता.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टर भावनाकडे वळून दातओठ खात पुटपुटले, "नारळ!"

"नाय वाढवनार, साहेब." हॉस्पिटलात ती आपल्या करंजा गावची बोली कधी बोलत नसे, आज तोंडातून तीच आली.

डॉक्टर चेहऱ्यावर पुन्हा हसू आणून पाहुणीला म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे काहीच नसण्यापेक्षा हे बरं, नाही का?"

"काहीच नसतं तेव्हा आम्ही बाळ आईच्या उघड्या छातीला बांधतो, डॉक्टर, आणि ते जगतं," नाकातो म्हणाल्या. "असं मशीन आलं, की तिथून काढून ह्यात ठेवतो."