पाहुणा की पेशंट

पडद्यावरचं बटण पुन्हा बदललं होतं. काल संध्याकाळपर्यंत त्यावर 'नवा पेशंट' असं होतं, आज सकाळी 'नवा पाहुणा'. आणि तिने तर काल घरी जाण्याआधी अख्ख्या मॅन्युअलमधला पाहुणा वेचून वेचून बाहेर काढला होता आणि त्याच्या जागी पेशंट बसवला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्राण्यांच्या दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर बनत होतं. कोड लिहायचा तो, आणि ते वापरायचं कसं याचं मॅन्युअल लिहायची ती. तो दिवसभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव घुम्या. ती कॉफीच्या मशीनवरची सूचनासुद्धा पेनाने दुरुस्त करायची, म्हणून तिचं नाव स्वल्पविराम. दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मागच्या महिन्यात 'खोडा' की 'काढून टाका' यावरून असंच झालं होतं. त्याआधी बटणाच्या रंगावरून. तिने मॅन्युअल नीट करायचं, आणि दुसऱ्या दिवशी पडदा बदललेला.

"मुद्दाम करतो तो," ती साहेबांना म्हणाली.

साहेबांनी घुम्याला विचारलं. घुम्या म्हणाला, "बघतो." त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

"दुपारी डॉक्टरीणबाई येतायत," साहेबांनी दोघांना सुनावलं. "पुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरंच निघालं, तर तुमच्यातला एक जण उद्यापासून वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावर विम्याचं काम चाले. तिथे गेलेल्या माणसाला पुन्हा हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

ती जागेवर येऊन बसली. तिला वर जायचं नव्हतं. घुम्यानेही जाऊ नये असं आपल्याला का वाटतंय, हे मात्र तिला कळेना. शेवटी तिने ठरवलं, हट्ट गेला खड्ड्यात. जेवायच्या सुट्टीत ती जागची उठली नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिने पेशंटचा पुन्हा पाहुणा केला आणि छापलेली प्रत साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

डॉक्टरीणबाई आल्या. बाहीवर कुठल्यातरी मांजराचे केस, मूड झकास. त्यांनी मॅन्युअल उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "'नवा पाहुणा' हे बटण दाबा." मग पडद्याकडे पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

पडद्यावर होतं, 'नवा पेशंट'.

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, पण मी आत्ताच पाहुणा केलं," ती म्हणाली. "तुमच्या बटणावर होतं म्हणून."

घुम्याने मान वर केली. "मी आत्ताच पेशंट केलं. तुमच्या मॅन्युअलमध्ये होतं म्हणून."

डॉक्टरीणबाई आळीपाळीने दोघांकडे बघू लागल्या.

"आणि ते 'खोडा'चं?" तिने विचारलं.

"तेही असंच."

"आणि हिरवा रंग?"

"तुम्ही हिरवा लिहिला होता. म्हणून मी हिरवा केला, तर तुम्ही निळा लिहून मोकळ्या."

"कारण तेव्हा तो निळा होता."

रोज संध्याकाळी ती त्याच्यासाठी माघार घेत होती, आणि रोज सकाळी तो तिच्यासाठी. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकावीत, तसं त्यांचं कित्येक महिने चाललं होतं.

आधी डॉक्टरीणबाई हसल्या. मग ती. तिचं हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घुम्या हसतो तेव्हा त्याचा आवाज किती मोठा असतो, हे ऑफिसला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पलीकडच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. साहेबांनी गंभीर राहायचा बराच प्रयत्न केला आणि मग तेही खुर्चीत कोसळले.

"पाहुणाच ठेवा," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पेशंट म्हटलं की मांजरं फिस्कारतात. आणि साहेब, या दोघांना वरखाली करू नका. एका टेबलाशी बसवा."

साहेबांनी तिथल्या तिथे टेबलं हलवायला सांगितली. खुर्च्या सरकल्या, वायरींचा गुंता झाला. तिला अजूनही मधूनच हसू फुटत होतं.

"पण मला एक सांगा," ती म्हणाली. "मॅन्युअल तर कोणीच वाचत नाही. कोड तुमचाच. मग तुम्ही कशाला वाचत बसता?"

घुम्याने गुंत्यातली एक वायर सोडवली.

"कोड मीच लिहितो," तो म्हणाला. "पण तो काय करतो, हे मला तुझं वाचल्यावर कळतं."