खिशांचा पडदा

आईने जुन्या कपड्यांचे खिसे चादरीवर शिवून केलेला औषधांचा पडदा लेकीने भिंतीवरून उतरवला आणि बाबांच्या गोळ्या नव्याकोऱ्या डब्यांत भरल्या. आई गेल्यापासून घर आवरून आवरून ती मेटाकुटीला आली होती. दुपारी बाबा सकाळचीच गोळी पुन्हा तोंडात टाकणार, तेवढ्यात तिने हात धरला. “अगं, डबे हाताला सगळे सारखेच लागतात. मला दिसतं कुठे? जीन्सचा खिसा सकाळचा, रेनकोटचा दुपारचा, असं तुझ्या आईने लावून दिलेलं.” तिने पडदा परत टांगला. रात्रीचा खिसा मात्र पार विरला होता. “बाबा, हा नवा कशाचा लावू?” “तिच्या स्वेटरचा लाव.” आईचं कपाट तिने अजून उघडलंच नव्हतं. तो खिसा उसवता उसवता संध्याकाळ झाली. बाबांनी लोकरीवरून बोटं फिरवली. “झालं! आता रात्रीची गोळी चुकवायची माझी काय बिशाद!”