अकरा तास

दिनकरराव मिरीकरांनी सुपारी कातरायचे साठ जुने अडकित्ते जन्मभर जमवले होते. ते संग्रहालयाला द्यायचे ठरले, तेव्हा त्यांची मुलगी मृण्मयी स्पर्शमापक घेऊन आली. वस्तू कोणी किती वेळ हाताळली, हे ते यंत्र धातूवरून वाचत असे. दिलेल्या वस्तूंच्या दालनाला संग्रहालय आता नावही सर्वांत जास्त वेळ हाताळणाऱ्याचेच देत असे.

शेवटचा अडकित्ता वाचून झाल्यावर मृण्मयी यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिली.

"बाबा, तुमचे सगळे मिळून अकरा तास. आईचे नऊशे."

"तिचे कसे? तिला तर मी हातही लावू देत नव्हतो."

"तुम्ही ऑफिसला गेलात की ती ते चिंचेने घासायची आणि जागच्या जागी ठेवायची. पितळ आपोआप चकाकतं, असं वाटलं तुम्हाला?"

मृण्मयीच्या आईला, इंदुमतीबाईंना, जाऊन सहा वर्षे झाली होती. दिनकररावांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"म्हणजे दालनाला नाव..."

"आईचं लागेल."

त्यांनी एकेक अडकित्ता पेटीत ठेवला आणि कुलूप लावले.

"कळव त्यांना," ते म्हणाले, "आम्हाला काही द्यायचं नाही."